आठला एक, बाराला दोन!

ऐका, ऐका! हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि आधी हे ऐका! ते स्मार्टवॉच असतं ना, मुलांनी हौसेनं आणून दिलेलं, जे दिवसभर पावलं मोजतं आणि आपण मात्र त्यात फक्त किती वाजले एवढंच बघतो, ते? त्यात क्यूबचा टायमर टाकता येतो! रुबिकचा क्यूब हो, तो सहा रंगांचा! आणि तो टायमर नुसता वेळ मोजत नाही! तुम्ही क्यूब हातात घेऊन निरखत असता, आठ सेकंद झाले की तो मनगटाला एकदा थरथरून सांगतो, बारा झाले की दोनदा थरथरतो, आणि मग तुम्ही बोट टेकवता, आकडा लाल होतो, मग हिरवा होतो, आणि मग बोट उचललं की सुटलात! आवाज नाही, गलका नाही! शेजारच्या माणसाला पत्ता लागत नाही की इथे शर्यत सुरू झालीय!

मला अजूनही जागेवर बसवत नाहीये!

एक गोष्ट आधीच सांगते. मला यातलं फारसं काही कळत नाही. गणित माझं दहावीपर्यंतचं, घड्याळाची सगळी बटणं अजून माहीत नाहीत, आणि क्यूब आत्ताआत्ता सुटायला लागलाय, तोही सगळ्यात सोप्या पद्धतीनं. शिरूरच्या बाजारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. क्यूब आमच्याकडे कायम विकायला असतो, वह्या-कंपासपेट्यांच्या वरच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला. गिऱ्हाईक आलं की काढून द्यायचा, पैसे घ्यायचे. इतकाच काय तो आमचा संबंध! म्हणजे ही जादू इतकी वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेली होती! अगदी हाताच्या अंतरावर!

माझी धाकटी बहीण दौंडला, रेल्वे क्वार्टर्समध्ये. तिचा मुलगा अकरावीत आहे आणि त्याच्या हातात चोवीस तास क्यूब. तो आमच्या दुकानातला नाही, त्याचा वेगळा, आत बारीक लोहचुंबक बसवलेला. फिरवला की प्रत्येक थर आपोआप जागेवर बसतो, हलकासा टिक करून! काय गोड वाटतं ते हाताला! नुसतं फिरवत बसावं! तर या पोरानं माझं घड्याळ मागून घेतलं, काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, "मावशी, आता तू स्पर्धेच्या नियमानं सोडवायचा."

"अरे, मला कुठे स्पर्धेला जायचंय?"

"जायचं नसलं तरी नियम तेच."

आणि मग घड्याळाच्या त्या एवढ्याशा तबकडीवर अक्षरांच्या तीन-चार ओळी उमटल्या! आर, यू, एफ, कुठे एल, कुठे डी, कुठे कुणाच्या डोक्यावर टिंब, कुणापुढे दोनचा आकडा. त्याला म्हणतात स्क्रॅम्बल. पांढरी बाजू वर धरायची, हिरवी समोर, आणि तबकडीवर लिहिलंय तसं एकेक थर फिरवत जायचं. आर म्हणजे उजवी बाजू, यू वरची, एफ समोरची. टिंब असलं की उलटं फिरवायचं, दोन असला की दोनदा. शेवटचं अक्षर संपलं की क्यूब व्यवस्थित बिघडलेला असतो! बिघडवायचीसुद्धा पद्धत आहे! मला वाटायचं, डोळे मिटून कसाही फिरवला की झालं. पण नाही, स्पर्धेत एका गटातल्या सगळ्यांचे क्यूब एकसारखे बिघडवलेले असतात, म्हणजे एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड असं होत नाही. किती न्यायानं केलेलं आहे हे सगळं!

आणि मग ते पंधरा सेकंद. सोडवायला घेण्याआधी क्यूब सगळीकडून बघायला पंधरा सेकंद मिळतात, त्यात फिरवायचं काही नाही, फक्त बघायचं. स्पर्धेत शेजारी पंच उभा असतो. आठ सेकंद झाले की तो मोठ्यानं सांगतो, बारा झाले की पुन्हा सांगतो. पंधरा ओलांडले तर दोन सेकंदांचा दंड, सतरा ओलांडले तर ती खेळी बादच! हे सगळं २००४ साली स्थापन झालेल्या वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमांत लिहिलेलं आहे, आणि तेच पंचाचं काम माझं घड्याळ करतं, न बोलता, मनगटावर थरथरून! आठला एक, बाराला दोन! पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला! खरंच! एवढ्याशा डबीत एक पंच बसलाय!

भाच्यानं अजून एक सांगितलं ते ऐकून तर मी घड्याळ काढून उलटंसुलटं करून बघितलं. आत क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, आपल्या साध्या भिंतीवरच्या सेलच्या घड्याळातही तोच असतो, आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का? तर दोनाला दोनानं गुणत जा, पंधरा दोन घ्या, बरोबर ३२,७६८ येतात! म्हणजे घड्याळानं त्याचे पंधरा वेळा निम्मे निम्मे केले की उरतो तो एक ठोका, एक सेकंद! मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. येतो! गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्यांनाही दाखवलं!

बरं, आता तुम्ही पण उठा. घरात कुठेतरी माळ्यावर, खेळण्यांच्या खोक्यात क्यूब असेलच. सुटलेला असला तर उत्तम. आता माझ्याबरोबर करा: उजवी बाजू वर. वरचा थर डावीकडे. उजवी बाजू खाली. वरचा थर उजवीकडे. झाल्या चार मूव्ह! क्यूब बिघडला ना? बिघडू द्या, घाबरू नका! पुन्हा त्याच चार. अजून बिघडला! पुन्हा. तिसऱ्यांदा तर वाटतं, आता काही हा जुळत नाही. करत राहा! चौथ्यांदा, पाचव्यांदा, आणि मग सहाव्यांदा शेवटची मूव्ह केली की... बघा! बघा! सगळा जागेवर! जसाच्या तसा! मी किंचाळले होते! बहीण स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून, तर झालं काहीच नव्हतं, क्यूब होता तसाच होता! सहा वेळा चार, चोवीस मूव्ह, आणि दरवेळी परत घरी! कितीही वेळा करा, दर सहाव्या फेरीला घरी!

आणि हे कुठल्या जंजाळातून परत येतं माहितीये? क्यूबच्या एकूण रचना होतात ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. मी हा आकडा आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन वहीत लिहून काढला, वाचता मात्र येत नाही! सेकंदाला एक रचना बघायची म्हटलं तर जेवढी वर्षं लागतील ती विश्वाच्या आजच्या वयाच्या साधारण शंभर पट होतात! शंभर पट! आणि तरीसुद्धा, यातली कुठलीही रचना घ्या, ती जास्तीत जास्त वीस मूव्हमध्ये सुटतेच! हे २०१० साली टोमास रोकिकी, हर्बर्ट कोसिएंबा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गूगलच्या संगणकांवर सिद्ध केलं. वीस! म्हणजे आमच्या खिळ्याला टांगलेला कुठलाही क्यूब, कितीही पोरांनी पिळलेला असो, सुटण्यापासून फक्त वीस पावलं लांब! ती वीस कुठली हे माणसाला सुचत नाही, म्हणून आपण लांबच्या रस्त्यानं जातो. माझी थर-थरानं सोडवायची पद्धत शंभर-सव्वाशे मूव्ह घेते. घेऊ द्या!

आता मुख्य गोष्ट! यासाठी तर मी लिहायला बसले!

माझा क्यूब सुटायला दोन मिनिटांच्या आसपास लागायची. मी बोटं पळवायला लागले. बोटं दुखेपर्यंत पळवली. वेळ तेवढाच! मग भाचा म्हणाला, "मावशी, ती चोवीसची फेरी घड्याळ लावून कर." केली. बारा सेकंद लागले. "म्हणजे तू सेकंदाला दोन मूव्ह करतेस. आता सांग, तुझ्या पद्धतीला एकशेवीस मूव्ह लागतात असं धर. किती वेळ लागायला हवा?"

साठ सेकंद!

एक मिनिट! आणि मला लागतात दोन! मग दुसरं मिनिट जातं कुठे? हात तर सेकंदाला दोनच्या वेगानं फिरतायत, मग पूर्ण एक मिनिट माझ्या हातातून जातं कुठे? मी त्या रात्री झोपलेच नाही! उशीशेजारी घड्याळ, छातीवर क्यूब, आणि डोक्यात एकच, कुठे जातं, कुठे जातं!

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला घड्याळाच्या बाजूचं बटण दाखवलं. लॅप! टायमर चालू असताना ते दाबलं की तेवढ्या टप्प्याची वेळ वेगळी नोंदली जाते. पांढरा क्रॉस झाला, दाब. पांढरे कोपरे बसले, दाब. मधला थर झाला, दाब. पिवळी बाजू, दाब. शेवटी सगळ्या टप्प्यांची यादी येते! आणि माझ्या यादीत मधला थर एकटा चाळीस सेकंद खाऊन बसला होता! मधल्या थरात काय असतं? कडेचे चार तुकडे बसवायचे. एका तुकड्याचा फॉर्म्युला आठ मूव्हचा. चार आठे बत्तीस. बत्तीस मूव्ह, सोळा सेकंद! आणि लागले चाळीस! उरलेले चोवीस सेकंद मी नुसती बघत होते! क्यूब हातात धरून, इकडून तिकडून वळवत, ज्याच्यावर पिवळा रंग नाही असा तुकडा शोधत होते!

हात थांबलेले असतात तेव्हा वेळ जातो! फिरवण्यात नाही जात! मला हे घड्याळानं सांगितलं! एवढ्याशा घड्याळानं! तुम्हाला कळतंय का मी का नाचतेय ते?

कारण त्याच्या पुढची गोष्ट अजून भारी आहे. फॉर्म्युला एकदा पाठ झाला की तो बोटं करतात. त्या आठ मूव्ह चालू असताना डोळे मोकळे असतात! चार सेकंद मोकळे! त्या चार सेकंदांत पुढचा तुकडा शोधून ठेवायचा! भाकरी तव्यावर भाजत असते तेव्हा आपण कुठे तिच्याकडे बघत उभ्या राहतो, पुढची थापायला घेतोच ना, अगदी तेच! आणि हे मी रोज सकाळी करते! क्यूब खेळणारे याला लुक-अहेड म्हणतात, जगातले सगळे वेगवान लोक हेच करतात, आणि ते जमायचं असेल तर काय करायला सांगतात माहितीये? हळू फिरवा! मुद्दाम हळू! बोटं इतकी सावकाश चालवा की डोळ्यांना पुढचं दिसायला वेळ मिळेल, पण थांबू नका. हळू फिरवून लवकर होतं! माझा विश्वासच बसेना, म्हणून घड्याळ लावून बघितलं, आणि मधला थर झपकन खाली आला! बोटांना घाम नाही, धाप नाही, आणि वेळ कमी! मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आले!

यालाही घड्याळ मदत करतं! त्यात एक ताल धरायची सोय आहे, मेट्रोनोम. दर सेकंदाला एक थरथर लावून ठेवायची, आणि एका थरथरीला एकच मूव्ह. एक, एक, एक. रात्री घरातले सगळे झोपले की मी दिवाणखान्यात बारीक दिवा लावून हेच करत बसते. फोनवर लावलं असतं तर टिकटिकीनं हे उठले असते. घड्याळ मात्र फक्त माझ्याच मनगटाशी बोलतं!

आता घड्याळ घालायचं कसं, ते नीट ऐका, कारण हे कुणी सांगत नाही! डाव्या मनगटावर घातलं आणि बाजूचं बटण हाताच्या पंजाकडे आलं, की मनगट वाकलं रे वाकलं की ते दाबलं जातं आणि मध्येच भलतंच काहीतरी उघडतं. म्हणून घड्याळ फिरवून घालायचं, बटण कोपराकडे करून. बऱ्याच घड्याळांत डिस्प्ले उलटा करायची सोय सेटिंगमध्ये असते. मग डाव्या हातात क्यूब धरायचा, उजव्या हाताचं बोट तबकडीवर टेकवायचं, हिरवा झाला की उचलायचं आणि तेच बोट थेट क्यूबवर! सुटला की उजवा तळवा मनगटावर थाप! थांबला! आणि स्क्रीन लवकर विझणार नाही असं करून ठेवायचं, नाहीतर ऐन वेळी काळी पडते. बॅटरी जरा लवकर उतरते, पण चालतं!

पण खरा शोध तर एसटीत लागला! शिरूरहून न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगाव, हा माझा दौंडला जायचा रस्ता. केडगावला उतरून स्टेशन गाठायचं आणि तिथून गाडीनं पुढे. तर न्हावऱ्याच्या पुढे एसटी अशी हादरत होती की मनगटावरची तबकडी धड वाचता येईना. आणि मग माझं लक्ष समोरच्या सीटच्या पाठीवरच्या नळीकडे गेलं. ती धरायची लोखंडी नळी हो! मी घड्याळ काढलं, पट्टा त्या नळीभोवती गुंडाळला, बक्कल लावलं, आणि तबकडी बरोबर डोळ्यांसमोर! फोन असता तर तीनदा खाली पडला असता! दोन्ही हात मोकळे, घड्याळ घट्ट, फक्त मनगट ओळखून कुलूप लागण्याची सोय आधी बंद करून ठेवायची! आठ आणि बाराची थरथर नळीतून ऐकूसुद्धा येत होती, बारीक घुर्र करून!

आणि मग काय, पुढच्या सीटवरची आजी मागे वळली, तिच्या मांडीवरचा नातू उभा राहिला, कॉलेजची दोन पोरं येऊन टेकली, कंडक्टर म्हणाला, "ताई, हे काय चाललंय?" आणि मी सांगितलं, आणि मग तो तिकिटाचं यंत्र काखेत धरून तिथेच थांबला! पारगावचा पूल कधी गेला कुणाला कळलं नाही! क्यूब सुटला, मी नळीवर थाप मारली, आणि त्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, परत कर!" परत कर! पंचाहत्तरीच्या आत नसतील त्या! मी त्यांना ती चार मूव्हची फेरी शिकवली. सहाव्या फेरीला क्यूब जुळला आणि त्यांनी नातवाला दाखवला ना, काय चेहरा होता! काय चेहरा!

केडगावला गाडीची वाट बघताना, गाडीत कडेठाण गेलं, पाटस गेलं, उसाची शेतं गेली, कुठूनतरी गुऱ्हाळाचा वास आला, आणि मी खिडकीशी बसून फक्त पंधरा सेकंदांचा सराव केला. सोडवायचाच नाही! स्क्रॅम्बल करायचा, बघायचं, आठची थरथर येईपर्यंत पांढऱ्या क्रॉसचे चारही तुकडे कुठे आहेत ते ओळखायचं, बारा होईपर्यंत ते कुठल्या मूव्हनी खाली जातील ते मनात ठरवायचं, आणि मग डोळे मिटून करून बघायचं. चारही अजून जमत नाहीत. दोन जमतात! डोळे मिटून दोन!

दौंडला भाच्याकडून मग मी बाकीचं सगळं उकरून काढलं. बुडापेस्टमध्ये वास्तुरचना शिकवणाऱ्या अर्नो रुबिक यांनी हा क्यूब १९७४ साली बनवला आणि बनवल्यावर तो सोडवायला त्यांना स्वतःला महिनाभर लागला! ज्यानं बनवला त्याला महिना! हे ऐकून इतकं बरं वाटलं! पहिली जागतिक स्पर्धा बुडापेस्टलाच झाली, १९८२ च्या ५ जूनला, अमेरिकेचा मिन थाई जिंकला, २२.९५ सेकंदांत. आणि २०२३ मध्ये मॅक्स पार्कनं सोडवला ३.१३ सेकंदांत! तीन! माझ्या घड्याळाची आठची थरथर यायच्या आत त्याचे दोन क्यूब होतील! आज बहुतेक वेगवान मुलं ज्या पद्धतीनं सोडवतात ती जगभर पोहोचवली जेसिका फ्रिड्रिख नावाच्या बाईंनी. त्या मूळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्या. शेवटच्या थरासाठी त्या पद्धतीत ५७ आणि २१ असे दोन टप्प्यांचे मिळून ७८ फॉर्म्युले पाठ करायचे असतात. मला चार-पाच येतात! अजून किती खजिना शिल्लक आहे बघा!

पण थांबा, आपल्या मुंबईचं सांगायचं राहिलं! तिथला मोहम्मद ऐमन कोली, त्यानं २७ डिसेंबर २०१९ ला व्हीजेटीआय मुंबई क्यूब ओपनमध्ये क्यूब सोडवला १५.५६ सेकंदांत. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? अहो, पायांनी! पायांच्या बोटांनी! जमिनीवर क्यूब ठेवून! जागतिक विक्रम! आणि २०२० पासून पायांचा प्रकार अधिकृत स्पर्धांतून काढूनच टाकला, म्हणजे तो विक्रम आता कुणाला मोडायचीच सोय नाही! दादरच्या अलीकडे-पलीकडे कितीदा गेले असेन मी, माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये हे घडलंय याची मला कल्पना नव्हती! मी चप्पल काढून बघितलं. अंगठ्यानं एक थर फिरला! एक तरी फिरला!

स्पर्धेत मात्र घड्याळ मनगटावर चालत नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तू बाजूला ठेवायच्या. टेबलावर स्टॅकमॅट नावाचा टायमर असतो, त्याच्या दोन पाट्यांवर दोन्ही तळहात ठेवायचे, हिरवा दिवा लागला की उचलायचे, सुटला की दोन्ही हात परत आपटायचे. म्हणजे माझं ते बोट टेकवणं, लाल, हिरवं, सगळं त्याचीच नक्कल होती! आणि एका खेळीवर काही ठरत नाही. पाच खेळ्या घेतात, सगळ्यात चांगली सोडून देतात, सगळ्यात वाईटही सोडून देतात, मधल्या तिन्हींची सरासरी! मला हे फार आवडलं. नशिबानं एक झकास गेली म्हणून कुणी जिंकत नाही, आणि हात एकदा घसरला म्हणून कुणी हरतही नाही. घड्याळ हा हिशेब स्वतः करतं, पाच झाल्या की खाली बारीक अक्षरात सरासरी! आता मी एकेक वेळ बघतच नाही, ती खालची ओळ बघते. ती हळूहळू उतरतेय! हळूहळू, पण उतरतेय!

भाचा पुण्यातल्या स्पर्धेची तयारी करतोय. मी त्याला म्हटलं, मी येणार. "बघायला?" म्हणाला. नाही रे, खेळायला! वयाची अट नाही, मी विचारून घेतलंय! तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, मग पिवळ्या बाजूचे अजून दोन फॉर्म्युले घे आजच." घेतले! परतीच्या एसटीत पाठ केले, नळीला घड्याळ बांधून!

आता दुकानात पिशवीतले क्यूब खिळ्यावरून खाली उतरवून काउंटरवर ठेवलेत. एक उघडा ठेवलाय. कुणी पोरगं वह्या घ्यायला आलं की मी त्याला चार मूव्ह दाखवते, सहा फेऱ्या करायला लावते आणि माझं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधते. चोवीस मूव्ह, किती सेकंद? गावाबाहेरून, न्हावऱ्याहून, रांजणगावहूनही पोरं यायला लागलीत वेळ लावायला! काल एक मुलगी सात सेकंदांत करून गेली! सात! आणि तिनं क्यूब पहिल्यांदा हातात घेतला होता तो आमच्याच काउंटरवर, शाळेला सुट्टी लागली तेव्हा!

तर तुम्ही एवढंच करा. महागाचं घड्याळ नसलं तरी अडत नाही, लॅपचं बटण असलेलं कुठलंही डिजिटल घड्याळ चालतं. आधी चोवीसची फेरी घड्याळ लावून करा, म्हणजे तुमचे हात सेकंदाला किती मूव्ह करतात ते कळेल. मग पूर्ण क्यूब सोडवा, टप्प्याटप्प्याला लॅप दाबा, आणि कुठल्या टप्प्यात हात थांबतात ते बघा. सुटत नसेल तर शिरूरला बाजारपेठेत या, मी शिकवते, खरंच शिकवते! चला, क्यूब काढा! पांढरा वर, हिरवा समोर, आणि बोट टेकवा!